हेन डोमेन : वेल्सच्या सीमेवरचे मातीचे टेकाड आणि त्यातला लाकडी किल्ला

शिवारफेरी

इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवर माँटगोमेरी नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या डोक्यावर, खडकाच्या सोंडेवर, तेराव्या शतकातल्या दगडी किल्ल्याचे अवशेष आहेत. येणारे बहुतेक लोक ते पाहतात, खालच्या चौकात चहा पितात आणि परत जातात. त्याच गावापासून वायव्येला दीडेक किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध, झाडांनी झाकलेले एक टेकाड आहे. त्याचे नाव हेन डोमेन. वेल्श भाषेत ‘हेन’ म्हणजे जुना आणि ‘तोमेन’ म्हणजे ढीग किंवा उंचवटा. रोजच्या बोलण्यात हाच शब्द उकिरड्यासाठीही वापरतात. गावकऱ्यांनी ‘जुना ढीग’ म्हणून सोडून दिलेली ही जागा हाच खरा पहिला माँटगोमेरीचा किल्ला आहे, आणि त्याबद्दल सविस्तर लिहावे असे गेली दोन वर्षे मनात होते.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला तिथे काहीच दिसले नाही. मी सह्याद्रीतले किल्ले पाहत वाढले. किल्ला म्हटले की काळ्या पाषाणाचा बुरूज, कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी डोळ्यांसमोर येतात. इथे एकही घडवलेला दगड नव्हता. दुसऱ्यांदा गेले ती जानेवारीतल्या एका दुपारी, सूर्य कलता असताना. झाडांची पाने झडलेली होती, गवत आखूड होते, आणि तिरप्या उन्हात जमिनीतला प्रत्येक चढ-उतार सावलीने उठून दिसत होता. तेव्हा कळले की आपण एका वास्तूच्या आत उभे आहोत, आणि ती वास्तू मातीची आहे.

रचना समजायला सोपी आहे. एका टोकाला शंकूचा माथा छाटावा तसे टेकाड, ज्याला ‘मॉट’ म्हणतात. हेन डोमेनचा मॉट सुमारे ८ मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशी खंदक, आणि खंदकापलीकडे लंबवर्तुळाकार अंगण, ज्याला ‘बेली’ म्हणतात. या साऱ्याभोवती मातीचे दोन तट आणि दोन खंदक. आपल्या परिभाषेत मॉट म्हणजे बालेकिल्ला आणि बेली म्हणजे माची असे म्हणता येईल, मात्र इथे डोंगरसुद्धा माणसाने रचलेला आहे. खंदक खणताना निघालेली माती आतल्या बाजूला टाकली की तट होतो आणि गोल खंदकाची माती मध्यभागी टाकली की टेकाड होते. तटाच्या माथ्यावर मेढेकोट, म्हणजे टोकदार लाकडांची सलग भिंत, आणि टेकाडावर लाकडी बुरूज. ‘मॉट’ हा जुन्या फ्रेंचमधला शब्द ढेकूळ किंवा उंचवटा या अर्थाचा. पुढे इंग्रजीत त्याचाच ‘मोट’ झाला आणि तो भोवतालच्या खंदकाचे नाव होऊन बसला. ढीग आणि खड्डा एकाच कामातून निर्माण होतात, हे त्या शब्दानेही लक्षात ठेवले आहे.

हा किल्ला बांधला रॉजर द माँटगोमेरी याने, १०७० नंतरच्या काही वर्षांत. तो १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यम राजाचा जवळचा सरदार होता आणि श्रूजबरीचा अर्ल म्हणून ही सरहद्द त्याच्या ताब्यात होती. नॉर्मंडीतल्या आपल्या गावाचे नाव त्याने या परक्या जागेला दिले. जागेची निवड पाहण्यासारखी आहे. जवळच सेव्हर्न नदीचा उतार आहे, जिथून वेल्समध्ये जाणारी जुनी वाट नदी ओलांडत असे. ऑफाचा बांध, म्हणजे आठव्या शतकातली मातीची सीमारेषा, हाही जवळच. १०८६ च्या डोम्सडे नोंदवहीत, म्हणजे विल्यमने करवलेल्या देशभरच्या जमिनीच्या पाहणीत, या किल्ल्याचा उल्लेख आहे. त्याच नोंदीवरून कळते की नॉर्मन येण्यापूर्वी हा मुलूख तीन सॅक्सन, म्हणजे मूळच्या इंग्रज, सरदारांचे शिकारीचे रान होता. १०९५ मध्ये वेल्श लोकांनी किल्ला जिंकून आतली शिबंदी कापून काढली. ११०२ च्या बंडानंतर रॉजरच्या घराण्याची इस्टेट जप्त झाली आणि किल्ला बाल्डविन द बूलर्स याच्याकडे गेला. वेल्श भाषेत माँटगोमेरीला आजही ‘ट्रेवाल्डविन’, म्हणजे बाल्डविनचे गाव, असेच म्हणतात. १२०७ पर्यंत ते घराणे इथे होते. १२२३ मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत दीड किलोमीटरवरच्या खडकावर नवा दगडी किल्ला सुरू झाला, आणि मग हेन डोमेन मागे पडत गेला.

मागे पडला म्हणूनच तो वाचला. जिथे किल्ला वापरात राहिला तिथे पुढच्या पिढ्यांनी दगडी बांधकामासाठी जुने थर उकरून टाकले. इथे कोणी पुन्हा काही बांधले नाही. त्यामुळे १९६० साली फिलिप बार्कर यांनी इथे उत्खनन सुरू केले तेव्हा गवताखाली सारे जसेच्या तसे पडून होते. ते काम १९९२ पर्यंत चालले, पुढच्या काळात रॉबर्ट हायम त्यांच्या जोडीला होते. तीसहून अधिक वर्षे, दर उन्हाळ्यात काही आठवडे, आणि एवढे करून बेलीचा साधारण अर्धा भाग उघडला गेला. उरलेला अर्धा पुढच्या पिढ्यांसाठी ठेवला आहे.

या संथपणाचे कारण लाकूड आहे. लाकूड कुजते आणि मागे उरतो तो मातीच्या रंगातला फरक. खांब जमिनीत रोवला असेल तर खळगा तरी सापडतो. पण आडवे ओंडके नुसते जमिनीवर टाकून त्यांवर चौकट उभारली असेल, तर खूण म्हणून उरते ती फक्त खडे-गोट्यांची एक सरळ कड, किंवा पावलांनी घट्ट झालेल्या आणि न झालेल्या मातीमधली सीमा. पूर्वी पुरातत्त्वज्ञ अरुंद चर खणून पाहत, आणि अशा चरात अशी घरे दिसतच नसत. बार्कर यांनी चर सोडून मोठे क्षेत्र एकसंध उघडले, करणीने आणि ब्रशने साफ केले, दगडन् दगड नकाशावर मांडला, आणि मग घरे दिसू लागली.

जे दिसले त्याने लाकडी किल्ल्याबद्दलची समजूत बदलली. बेली म्हणजे मधे एखादा गोठा असलेले मोकळे पटांगण, असे चित्र पुस्तकांत असे. प्रत्यक्षात ती इमारतींनी खचाखच भरलेली होती. मोठे दालन, धान्यकोठी, प्रार्थनागृह, पाण्याचा साठा, कुडाच्या भिंतींची निवासस्थाने, तटाला लागून लढवय्यांसाठी फळ्यांचा मार्ग, मॉटवर जाणारा पूल, आणि हे सारे दीडशे वर्षांत पुन्हा पुन्हा पाडून नव्याने उभारलेले. त्या मानाने वस्तू मात्र फारच थोड्या मिळाल्या. जाडीभरडी मडकी, जनावरांची हाडे, काही लोखंडी तुकडे. सरहद्दीवरच्या शिबंदीचे जगणे हलाखीचे होते, हे तिथल्या मातीतून निघालेले सत्य आहे.

मला या धाग्यात मुख्यतः एवढेच मांडायचे आहे की लाकडी किल्ला म्हणजे दगडी किल्ला होईपर्यंतची तात्पुरती सोय, ही समजूत हेन डोमेनच्या पुराव्यापुढे टिकत नाही. अशी हजाराच्या आसपास टेकाडे ब्रिटनमध्ये आहेत. ज्यांनी पाहिली असतील त्यांनी जरूर लिहावे.

---

स्थापत्यवेडा

उत्तम लेख. माझा पेशा मातीकामाचा असल्याने मला पहिला प्रश्न पडतो तो परिमाणाचा. ८ मीटर उंची, तळाचा व्यास ४० मीटर आणि माथ्याचा १० मीटर असे ढोबळ आकडे धरले, तर टेकाडाचे घनफळ सुमारे ४,४०० घनमीटर येते. एका माणसाने फावड्या-पाटीने दिवसाला एक घनमीटर माती खणून वर चढवली असे मानले, तर १०० माणसांना ४४ दिवस लागतील. म्हणजे एका हंगामाचे काम, आणि लोहाराशिवाय दुसरा कोणताही कुशल कारागीर त्यासाठी लागत नाही. दगडी बांधकामाला खाण, चुना, गवंडी आणि कित्येक वर्षे लागतात. परक्या मुलखात मूठभर सैन्याने पाय रोवायचे असतील तर हाच एक मार्ग होता.

मात्र माझी शंका वेगळी आहे. सैल भरावावर लगेच उंच बुरूज उभारला, तर पहिल्याच पावसाळ्यात तो कलायला हवा. भराव बसायला दोन-तीन वर्षे सहज लागतात. मग हे लोक काय करत असावेत?

---

शिवारफेरी

तुमचा हिशेब वाचून आनंद झाला. शंकेचे उत्तर दोन ठिकाणच्या उत्खननांतून मिळते. लंडनच्या उत्तरेला साउथ मिम्स येथे असे आढळले की बुरूज आधी मूळ जमिनीवर उभारला होता आणि माती नंतर त्याच्या भोवती रचली होती. म्हणजे खांबांचा भार भरावावर नव्हताच, तो थेट खालच्या पक्क्या जमिनीवर उतरत होता. दुसरे ठिकाण सरी परगण्यातले ॲबिंजर. तिथे १९४९ मध्ये ब्रायन होप-टेलर यांनी मॉटचा माथा उघडला, तेव्हा चौकोनी बुरुजाच्या खांबांचे खळगे आणि कडेने फिरणाऱ्या मेढेकोटाचे खळगे स्पष्ट मिळाले. तो बुरूज खांबांवर उचललेला असावा, म्हणजे खालून सैनिकांना मोकळेपणी फिरता येत असे.

भराव नुसता ओतलेलाही नसे. बायोच्या भरतकामात, म्हणजे विल्यमने ज्यात इंग्लंड जिंकले त्या हेस्टिंग्जच्या लढाईची कथा सांगणाऱ्या त्या सुमारे ७० मीटर लांबीच्या कापडावर, हेस्टिंग्जचा मॉट रचतानाचे दृश्य आहे. माणसे फावड्यांनी माती टाकत आहेत आणि टेकाड वेगवेगळ्या रंगांच्या आडव्या पट्ट्यांनी दाखवले आहे. पुष्कळ अभ्यासक त्या पट्ट्यांचा अर्थ थर असा लावतात, आणि काही मॉटच्या छेदात चिकणमाती, खडी, पुन्हा चिकणमाती असे चोपून बसवलेले थर खरोखरच मिळाले आहेत. त्याच दृश्यात दोन मजूर एकमेकांच्या डोक्यात फावडी घालत आहेत. ते तिथे का काढले असावे याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वेठीवर आणलेल्या माणसांची चीड त्यात असावी, असे माझे मत आहे.

वेगाबद्दल आणखी एक. ऑर्डेरिक व्हायटॅलिस हा इतिहासकार सांगतो की १०६९ मध्ये विल्यम यॉर्कमध्ये आठ दिवस राहिला आणि तेवढ्यात तिथला दुसरा किल्ला उभा केला. तुमच्या हिशेबाने त्यासाठी पाचशेहून अधिक माणसे लागतील, किंवा तिथले टेकाड सुरुवातीला बरेच ठेंगणे असेल. या ऑर्डेरिकचे हेन डोमेनशीही नाते आहे. तो श्रूजबरीजवळ जन्मला आणि त्याचे वडील याच रॉजर द माँटगोमेरीच्या पदरी पुरोहित होते. इंग्लंडमध्ये किल्ले फार थोडे असल्याने इंग्रज शूर असूनही हरले, हे त्याचेच निरीक्षण आहे.

---

माळरान

ही टेकाडे नॉर्मनच आहेत हे ठरवले कसे? मातीच्या ढिगावर ना शिलालेख ना नाणे.

---

अक्षरयात्री

माळरान, हा प्रश्न इंग्लंडमध्ये दीर्घकाळ वादाचा होता. एकोणिसाव्या शतकात जी. टी. क्लार्क यांच्या मताचा दबदबा होता, आणि त्यांच्या मते ही टेकाडे सॅक्सन सरदारांची, नॉर्मन पूर्वीची. ते मत मोडून काढण्याचे मोठे श्रेय एला आर्मिटेज या विदुषीला जाते. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. त्यांचा १९१२ चा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानतात. त्यांची पद्धत साधी आणि चिवट होती. अकराव्या शतकातल्या कागदपत्रांत ज्या किल्ल्यांची नावे येतात त्यांची यादी केली, एकेक जागा तपासली, आणि बहुतेक ठिकाणी मॉट आहे हे दाखवून दिले. शिवाय मुद्दा असा मांडला की सॅक्सनांचा ‘बर्ह’ म्हणजे सगळ्या वस्तीला पोटात घेणारे तटबंद गाव असे, तर मॉट इतका लहान असतो की त्यावर एक धनी आणि त्याची माणसेच राहू शकतात. पहिला समाजाचा आसरा, दुसरा समाजापासून घेतलेला आसरा. केवळ आकारावरून तिने समाजव्यवस्था ओळखली, हे मला फार थोर वाटते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. विल्टशरमधल्या मार्लबरो महाविद्यालयाच्या आवारात १९ मीटर उंचीचे टेकाड आहे. नॉर्मनांनी त्याचा मॉट म्हणून वापर केला, हे पक्के आहे. २०११ मध्ये त्याच्या गाभ्यातून नळीने काढलेल्या मातीतल्या कोळशाचे कालमापन झाले, आणि ते टेकाड इसवी सनापूर्वी २४०० च्या सुमाराचे, म्हणजे जवळच्याच सिलबरी हिल या प्रागैतिहासिक टेकाडाच्या काळातले निघाले. त्यानंतर इतर मॉटही तपासले गेले. त्यांत यॉर्कशरमधला स्किपसीचा मॉट लोहयुगातला, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा ठरला. तेव्हा ‘मॉट’ हे टेकाडाच्या वापराचे नाव आहे, दरवेळी त्याच्या जन्माचे नव्हे. नॉर्मनांना आयते टेकाड मिळाले तर ते का सोडतील?

---

शिवारफेरी

अक्षरयात्री, मनापासून आभार. हेन डोमेनच्या पोटात मात्र जुने टेकाड नाही, तिथे शेत आहे. बेलीच्या थरांखाली उत्खननकारांना सरी-वरंब्याच्या ओळी मिळाल्या. किल्ला त्यांच्यावर बसला असल्याने त्या निश्चितपणे १०७० च्या आधीच्या, आणि ब्रिटनमध्ये इतक्या खात्रीने काळ सांगता येणारी इतकी जुनी नांगरट फारच थोड्या ठिकाणी आहे. किल्ला बांधताना ते शेत पडीक होते. डोम्सडेतले शिकारीचे रान आणि मातीखालचे सोडून दिलेले शेत यांची गाठ इथे बरोबर पडते. कोणीतरी एकेकाळी इथे पेरणी केली, ती माणसे परागंदा झाली, रान माजले आणि मग रॉजर आला.



---

उत्तरवात

मी यॉर्कमध्ये आठ वर्षे राहत आहे. लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यातला कौतुकाचा सूर मला खटकला. हे किल्ले लोकांच्या रक्षणासाठी नव्हते, लोकांवर ठेवलेली टाच होते. डोम्सडेमध्येच नोंद आहे की लिंकनच्या किल्ल्यासाठी १६६ घरे नाहीशी झाली, नॉर्विचला ९८ आणि केंब्रिजला २७. विल्यम नॉर्मंडीला परतला तेव्हा मागे राहिलेल्या ओडो आणि विल्यम फिट्झऑस्बर्न यांनी देशभर किल्ले बांधून गरीब लोकांना छळले, असे सॅक्सन बखरकार त्याच काळात लिहून ठेवतो. यॉर्कच्या ज्या मॉटवर आज क्लिफर्ड्स टॉवर हा दगडी बुरूज उभा आहे, तिथे मार्च ११९० मध्ये शहरातल्या ज्यूंनी जमावापासून वाचण्यासाठी आसरा घेतला होता. त्या लाकडी बुरुजात बहुतेकांनी स्वतःचे आणि आपल्या कुटुंबीयांचे प्राण घेतले, बुरुजाला आग लागली, आणि जे जिवंत बाहेर आले त्यांना अभय देऊनही मारले गेले. दरवर्षी त्या टेकाडाच्या उतारावर डॅफोडिल फुलतात. फुलांना सहा पाकळ्या असतात, आणि त्यांत डेव्हिडच्या ताऱ्याची, म्हणजे ज्यूंच्या सहा टोकांच्या चिन्हाची, आठवण आहे असे इथे मानतात. मातीचे घनफळ मोजताना ही माणसेही मोजली जावीत, एवढेच म्हणणे आहे.

---

शिवारफेरी

उत्तरवात, तुमचे म्हणणे रास्त आहे आणि मी ते माझ्या लेखातली उणीव म्हणून स्वीकारते. हेन डोमेन शहरात नसल्याने तिथे घरे पाडली गेली नाहीत, आणि त्यामुळे माझ्या मनात जुलमाची बाजू मागे राहिली. वेठीचा उल्लेख मी केला, पण तो पुरेसा नव्हता.

एका बाबतीत मात्र मी माझ्या जागी ठाम आहे. जुलमाची साधने नीट समजून घेतली नाहीत तर जुलूमही नीट समजत नाही. सात-आठ हजारांच्या सैन्याने वीस लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश कसा धरून ठेवला, याचे उत्तर या मातीच्या ढिगांमध्येच आहे. घोड्यावरून एका दिवसात गाठता येईल अशा अंतरावर एकेक टेकाड, त्यावर वीस-तीस माणसे, आणि खालच्या शेतांत काम करणाऱ्या प्रत्येकाला दिवसभर दिसणारा तो बुरूज. लढाई न होताही तो आपले काम करत असे.

---

गढीवरचा

माझे आजोळ मराठवाड्यातले आहे आणि गावात मातीची गढी आहे. तिचे बुरूज आता ढासळून टेकाडासारखेच दिसतात. लहानपणी पाहिले आहे की लोक गढीची पांढरी माती गाड्या भरभरून नेत, कोणी धाब्याच्या घरावर टाकायला, कोणी शेतात. आमच्याकडे दगडी किल्ल्याचा चिरा चोरला तर लोक हळहळतात, पण माती नेली तर कोणाला काही वाटत नाही. इंग्लंडमध्ये या टेकाडांची माती कोणी नेत नाही का? आणि त्यांना कायद्याचे संरक्षण आहे का?

---

अक्षरयात्री

तिथेही नेली आहे. कित्येक मॉट रस्त्यांसाठी, खडीसाठी, घरांसाठी सपाट झाले. संरक्षणाचा पहिला कायदा १८८२ चा, आणि सध्या लागू आहे तो १९७९ चा. नोंदवलेल्या स्मारकावर परवानगीशिवाय खणणे, भराव टाकणे, किंवा धातुशोधक यंत्र वापरणे हा गुन्हा आहे. हर्टफर्डशरमधल्या बर्कहॅमस्टेडची गोष्ट त्याहून जुनी आहे. १८३० च्या दशकात लंडन ते बर्मिंगहॅम लोहमार्ग आखताना तिथल्या मॉटच्या किल्ल्याला संसदेच्या कायद्यातच संरक्षण दिले गेले. तरीही रुळांच्या भरावाखाली बाहेरचा काही भाग गेलाच, आणि आज गाडीच्या खिडकीतून टेकाड अगदी जवळ दिसते.

प्रत्यक्षात कायद्यापेक्षा रोजच्या गोष्टी अधिक नुकसान करतात. ससे आणि बिजू बिळे करतात. पावसाळ्यात जड गुरे उतारावर चढली की गवत फाटते. मोठे झाड वादळात उन्मळले तर मुळांबरोबर थरच्या थर उपटून नेते. म्हणून जाणकार लोक अशा ठिकाणी मेंढ्या चारायला सोडणे पसंत करतात, कारण त्या हलक्या असतात आणि गवत एकसारखे आखूड ठेवतात. घट्ट विणलेले गवत हेच मातीच्या किल्ल्याचे चिलखत आहे.

---

गढीवरचा

धन्यवाद. पुढच्या खेपेला गावी गेल्यावर गढीचे निदान फोटो आणि मोजमाप तरी करून ठेवतो.

---

स्थापत्यवेडा

पुन्हा एकदा मूळ मुद्द्याकडे येतो. ताईंनी लाकडी किल्ला तात्पुरता नव्हता असे म्हटले आहे. मला हे पूर्ण पटलेले नाही. लाकूड जळते आणि कुजते. जमिनीत रोवलेला ओकचा खांबही वीस-पंचवीस वर्षांत जमिनीच्या पातळीवर सडतो. ज्यांना परवडले त्यांनी दगड वापरला, हे तर दिसतेच आहे.

---

शिवारफेरी

लाकूड कुजते हे खरेच, आणि म्हणूनच हेन डोमेनला पुन्हा पुन्हा बांधकाम झाले. पण दर पिढीला घर नव्याने बांधणे हे त्या समाजात नेहमीचेच होते, त्यात कमीपणा नव्हता. बाल्डविनचे घराणे तिथे शंभर वर्षे राहिले आणि त्यांनी दगडाकडे वळण्याची गरज मानली नाही. आगीबद्दल म्हणाल तर भिंतींना बाहेरून मातीचा जाड गिलावा असे, तट मातीचा असे, आणि ओला ओक सहज पेटत नाही.

दगडाची अडचण तुम्हीच आधी सांगितली आहे. भरावावर दगडी बुरूज ठेवला की त्याचे वजन पेलत नाही. क्लिफर्ड्स टॉवर तेराव्या शतकाच्या मध्यात दगडात बांधला, आणि पुढच्याच शतकात तो वरपासून खालपर्यंत तडकला. ती भेग आजही दिसते, उत्तरवात यांनी ती पाहिलीच असेल. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी मधोमध बुरूज न बांधता मॉटच्या कडेने गोल भिंत फिरवली, म्हणजे मेढेकोटाच्या जागी दगडी कडे. डेव्हनमधल्या टॉटनेसला हे फार सुंदर पाहायला मिळते.

---

उत्तरवात

भेग पाहिली आहे. २०२२ मध्ये बुरुजाच्या आत नवी लाकडी रचना उभी केली, तेव्हा तिचा भार जुन्या भिंतींवर येऊ नये म्हणून ती मधल्या चार खांबांवर पेलली आहे. आठशे वर्षांनी त्या टेकाडावर पुन्हा लाकूड चढले.

---

माळरान

मी चेम्सफर्डला राहतो. नकाशात प्लेशी नावाचे गाव दिसते आहे आणि तिथे मॉट असल्याचे लिहिले आहे. पुढच्या रविवारी मुलांना घेऊन जायचा विचार आहे. नेमके काय पाहावे?

---

शिवारफेरी

माळरान, प्लेशी पाहायलाच हवे. मॉट सुमारे १५ मीटर उंच आहे, म्हणजे हेन डोमेनच्या जवळजवळ दुप्पट. त्यावर जाणारा विटांचा पूल पंधराव्या शतकातला आहे. जागा खाजगी असल्याने आत जायचे तर आधी विचारून ठरवावे लागते. १३९७ मध्ये दुसऱ्या रिचर्डने आपल्या सख्ख्या चुलत्याला, ग्लॉस्टरच्या ड्यूकला, इथूनच पकडून नेले.

आत जायला मिळाले नाही तरी निराश होऊ नका, कारण तिथली मोठी गंमत बाहेर आहे. सगळे गावच एका मातीच्या तटाच्या कुशीत वसले आहे, आणि तो तट आजही बराचसा शाबूत आहे. ‘प्लेशी’ हे नावसुद्धा जुन्या फ्रेंचमधून आले आहे, विणलेल्या कुंपणाने वेढलेली जागा अशा अर्थाने. निघण्यापूर्वी इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०१५ पासून खुले केलेले लिडारचे नकाशे संगणकावर पाहून घ्या. विमानातून लेझर किरण सोडून केलेल्या या मोजणीत झाडे आणि गवत वगळता येते, त्यामुळे तटाचे वर्तुळ स्पष्ट दिसेल. तो नकाशा छापून मुलांच्या हातात द्या आणि गावाला पायी प्रदक्षिणा घाला. कुठे तट एखाद्या घराच्या परसात शिरतो, कुठे खंदकात झुडपे माजली आहेत, कुठे रस्ता वाकडा होतो, ते त्यांनाच शोधू द्या.

दुपारी तीननंतर जा. ऊन तिरपे हवे. आणि रबरी बूट न विसरता न्या, खंदकात पाणी असते.